दरफाळणीच्या सणाची सूट

गेल्या वर्षी दरफाळणीच्या सणाला, दुपारी पावणेबाराच्या सुमारास, खारपाड्याच्या नव्या मशिदीत एकदम चौदा फोन वाजले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणतात. वर्षातल्या सगळ्यांत कडक उपासाला पोथ्यांमध्ये योम किप्पूर म्हटलंय, पण कोकणातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी त्याला दिलेलं नाव दरफाळणीचा सण. दारं लावून घ्यायचा सण. पंचवीस तास अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. जे मशिदीत जातात ते सकाळी जातात आणि तारे दिसल्यावरच परततात; जे घरी राहतात ते दाराआड गप्प पडून असतात. त्या दिवशी कुणी कुणाच्या घरी जात नाही, हाक मारत नाही, शेजारणीकडे वाटीभर साखर मागायलाही डोकावत नाही. माणूस आणि त्याचा देव, मध्ये तिसरा नको.

अशा दिवशी, पांढऱ्या कपड्यांतली साडेतीनशे माणसं मान खाली घालून उभी असताना, चौदा फोन! प्रार्थना चालवणाऱ्या हजानसाहेबांचा सूर तुटला. बायकांच्या सज्जातून कुणीतरी मोठ्यानं "अगं बाई!" म्हणालं. फोन होते 'सोबत' या तरुण मुलांच्या मदतगटाच्या स्वयंसेवकांचे, आणि ते चालू ठेवायला खुद्द हजानसाहेबांनीच परवानगी दिली होती. जीव वाचवायचा असेल तर सणाचा कुठलाही नियम मोडता येतो, हे शास्त्रातच आहे. पण त्यांनी एखाद-दुसराच फोन वाजेल असं धरलं होतं. त्या दुपारी मुलांच्या मनगटावरच्या पट्ट्यांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्राचं म्हणणं होतं की, वस्तीतल्या त्र्याऐंशी तरुण मुलामुलींपैकी एकसष्ट जणांच्या जिवाला एकाच वेळी धोका आहे.

'सोबत'ची समन्वयक रिव्का पेझारकर कापडी चपला फटफटवत पळत सुटली. उपाशीपोटी, भर उन्हात, चौदा जणांनी एकसष्ट दारं ठोठावली. आत काय होतं? उपासानं वैतागलेली, अर्धवट झोपलेली, धडधाकट मुलं. नोरीत आष्टमकर नावाच्या मुलीनं लवकर दार उघडलं नाही म्हणून तिच्या दारात रुग्णवाहिका उभी राहिली, आणि संध्याकाळपर्यंत ते साऱ्या वस्तीला कळलं. पंधरा दिवसांत तिचं ठरलेलं लग्न मोडलं. मुलाकडच्यांनी कारण सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

त्यानंतरच्या महिन्यात एकतीस पट्टे रिव्काच्या टेबलावर परत आले. काहींनी आणून दिले, काहींनी तर पिशवीत घालून कचेरीच्या दाराला टांगले.

त्या पट्ट्याची मूळ कल्पना साधी होती. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कधी सारखं नसतं; निरोगी माणसात ते सतत किंचित मागेपुढे होत राहतं. मनावर फार दिवस ओझं राहिलं की हे मागेपुढे होणं कमी होतं, ठोके एकसुरी पडायला लागतात. मनगटावरचा पट्टा ते मोजायचा. शिवाय घामातली रसायनं, झोप, बोलण्यातला चढउतार, फोनवर बोटं चालण्याचा वेग, हेही टिपायचा. शब्द ऐकायचा नाही, नुसता सूर. यातली कुठलीच गोष्ट एकटीनं काही सांगत नाही. पण सहा आठवडे पट्टा घातला की त्या माणसाची रोजची चाल यंत्राच्या अंगवळणी पडायची, आणि मग ती चाल बिघडली की ते समन्वयकाला कळवायचं. मोठमोठ्या शहरांत त्याची पारख झाली होती. दहापैकी आठ वेळा, माणूस कड्यावर जाऊन उभा राहण्याच्या दोन-तीन दिवस आधी, यंत्राला सुगावा लागायचा.

खारपाड्याला त्याची गरज का पडली, तेही सांगतो. ठाण्या-मुंबईतली घरं विकून शंभरेक कुटुंबं या खाडीकाठच्या नव्या वस्तीत आली, त्याला बारा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तरुणांपैकी निम्मे इस्राएलला गेले. मागे राहिलेल्यांचा एकेक मित्र कमी होत गेला. दोन वर्षांत तीन मुलांनी जीव दिला, आणि लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. पनवेलहून एक मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून दोनदा यायच्या, बाकी सगळी भिस्त स्वयंसेवकांवर. आज कुणाकडे जायचं, कुणाला पाठवायचं, कुणाला तातडीनं पनवेलला न्यायचं, हे ठरवणं रिव्काचं काम. ती पूर्वी शाळेत समुपदेशक होती, त्रेचाळीस वर्षांची, बोलायला तिखट आणि आतून मऊ. मुलांना तिनं एक शब्द दिला होता: तुमच्या परवानगीशिवाय घरच्यांना काही कळणार नाही. तो तिनं कधी मोडला नाही.

ओर्ना वाक्रुळकर तिच्या खास लोभातली. वय बावीस. रविवारच्या हिब्रूच्या वर्गात ओर्ना धरून नऊ मुलं होती. त्यातली सात इस्राएलला, एक कॅनडात. ओर्ना राहिली, कारण वडील वारले होते आणि आई, मिल्का, एकटी होती. घरी बसून ती एका विमा कंपनीचे दाव्यांचे कागद तपासायची. दिवसभर लोकांच्या अपघातांची वर्णनं वाचायची आणि संध्याकाळी आईबरोबर जेवायची. मार्चमध्ये तिच्या पट्ट्यानं दोनदा इशारा दिला. दोन्ही वेळा रिव्का स्वतः गेली. दोघी खाडीच्या बांधावर बसल्या, भेळ खाल्ली, ओर्ना रडली. पनवेलच्या बाईंकडे जायला तयार झाली. दुसऱ्या वेळी उठताना म्हणाली, "आंटी, तुम्ही फार काही शहाणपणाचं बोलला नाहीत हं. पण कुणीतरी आलं ना, त्यानं बरं वाटलं."

रिव्काला ते इतकं आवडलं की, तिनं ते घरी नवऱ्याला दोनदा सांगितलं.

सणाच्या महिनाभर आधी कचेरीत बैठक झाली. टेबलाशी रिव्का आणि मशिदीचे विश्वस्त शिमशोन अंकल किल्लेकर. पडद्यावर पुण्याहून यंत्राची तज्ज्ञ मृण्मयी साठ्ये. शिमशोन अंकल चौऱ्याहत्तर वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, घशात कायम खोकला आणि तोंडात कायम चेष्टा.

"पोरी, यंदा फोन वाजला ना, तर हजानाच्या आधी मी कोसळेन," ते म्हणाले. "आणि मला न्यायला रुग्णवाहिका नको, लोक नावं ठेवतील."

मृण्मयी हसली नाही. "अंकल, यंत्राची चूक नव्हती हो. त्या दिवशी तुमची माणसं खाणं बंद करतात, पाणी बंद, फोन बंद, बोलणं बंद. अंधार करून पडून राहतात. जगण्यावरून मन उडालेला माणूस यंत्राला असाच दिसतो. उपास कुठला आणि निराशा कुठली, हे त्याला शिकवायचं तर मला तुमच्या अशा पाच-सहा सणांची तरी माहिती हवी. माझ्याकडे आहे एकाची."

"म्हणजे पाच वर्षं दर सणाला आमचं हसं करून घ्यायचं?" रिव्कानं विचारलं.

"नाही. सूट देता येईल. पंचवीस तास यंत्र मोजत राहील, नोंद ठेवेल, पण कुणाला कळवणार नाही." मृण्मयीनं समोरची यादी चाळली. "किंवा दुसरं एक करता येईल. मार्चपासून ज्यांचा इशारा आलाय अशी नऊ मुलं आहेत. त्या दिवशी त्यांच्याजवळ एकेक माणूस बसवा. नुसतं बसायचं, घरात."

शिमशोन अंकल खो खो हसले आणि खोकला येऊन लाल झाले. "दरफाळणीला? दुसऱ्याच्या घरात? बाई, आमच्या आजीनं सख्ख्या बहिणीला त्या दिवशी दारातून परत पाठवली होती."

रिव्कालाही हसू आलं. "ते नाही जमायचं गं मृण्मयी. तुला नाही कळणार."

"बरं, राहू द्या मग," मृण्मयी म्हणाली. माणूस बसवा, हे त्या बैठकीतलं एकच शहाणं वाक्य ती बोलून गेली होती, आणि ते तिलाही समजलं नाही.

पण रिव्का मूर्ख नव्हती, हे इथं सांगितलंच पाहिजे. तिनं दोन्ही बाजू मांडून पाहिल्या होत्या. एकतीस मुलं वर्षभर पट्ट्याविना उघडी होती. पंचवीस तासांची सूट दिली की ती परत येतील, उरलेले सगळे दिवस त्यांच्यावर नजर राहील. पंचवीस तासांत असं काय होणार होतं? सगळी वस्ती तर घरातच असते. तिनं सही केली.

दरफाळणीच्या दहा दिवस आधी, यहुदी नव्या वर्षाच्या दिवशी, प्रार्थना संपल्यावर, शिमशोन अंकलांनी तिला बोलायला उभं केलं. रिव्कानं सरळ सांगितलं, "गेल्या वर्षी जे झालं त्याबद्दल माफी. यंदा दरफाळणीला यंत्र कुणाकडेही बघणार नाही. अगदी निर्धास्त राहा आणि पट्टे परत घेऊन जा." लोकांत बरं वाटल्याची कुजबुज झाली. त्या आठवड्यात सत्तावीस पट्टे गेले. नोरीतनंसुद्धा नेला; गेल्या वर्षीची सगळ्यांची चाल यंत्राच्या लक्षात होतीच.

त्याच दिवशी अंगणात, मधात बुडवलेली सफरचंदाची फोड खात ओर्ना तिच्याजवळ आली.

"आंटी, म्हणजे त्या दिवशी अगदी कुणालाच नाही कळणार?"

"कुणाला म्हणजे कुणालाच नाही. मलासुद्धा नाही. पाहिजे तेवढं डोकं दुखू दे, पाहिजे तेवढी चिडचिड कर."

"छान," ओर्ना म्हणाली आणि बोट चाटलं. तिनं आणखी एक फोड घेतली, रिव्कालाही दिली. रिव्काला वाटलं, पोरगी सावरली.

दरफाळणीच्या दिवशी रिव्का सकाळी सातला सज्जात जाऊन बसली. फोन या वर्षी घरीच होता. दुपारी बारापर्यंत जीभ टाळूला चिकटली, पाय जड झाले, आणि आपण या सगळ्या माणसांना एक शांत दिवस मिळवून दिला या विचारानं तिला समाधान वाटलं. शेजारी मिल्का होती. पोथीवरून नजर न उचलता रिव्कानं हळूच विचारलं, "ओर्ना नाही आली?"

"डोकं दुखतंय म्हणाली. यंदा घरीच दार लावून बसते म्हणाली."

तेवढंच. मिल्का पुन्हा प्रार्थनेत बुडाली. रिव्काला मात्र पुढची ओळ वाचता येईना. अगदी कुणालाच नाही कळणार? पोरीनं हे का विचारलं असेल? उपासात लाज वाटू नये म्हणून, दुसरं काय. मग 'छान' का म्हणाली? रिव्कानं पान उलटलं, पुन्हा मागे उलटलं. स्वतःला चार शिव्या दिल्या. उपाशी डोकं काय वाटेल ते रचतं, असं मनाला बजावलं. असं करत तीन वाजत आले, आणि मग तिच्यानं बसवेना. ती उठून खाली आली आणि चालायला लागली.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वाक्रुळकरांचं घर मशिदीपासून आठ मिनिटांवर, बैठ्या घरांच्या तिसऱ्या ओळीत शेवटचं. दार लागलेलं होतं, खिडक्यांवर पडदे. रिव्का पायरीवर चढली. कान दिला. आतून काही आवाज नव्हता. आज कुठल्याच घरातून नव्हता.

तिनं हात उचलला.

समोरच्या खिडकीचा पडदा हलल्यासारखं तिला वाटलं. गेल्या वर्षीची एकसष्ट दारं आठवली. नोरीतच्या आईचा चेहरा आठवला, रुग्णवाहिका निघून गेल्यावर दारात उभी राहिलेली. दहा दिवसांपूर्वी सगळ्यांसमोर दिलेला शब्द आठवला. ओर्ना डोकं धरून दार उघडणार आणि म्हणणार, आंटी, तुम्हीसुद्धा? मग हा पट्टाही परत येणार. आणि या सगळ्याखाली, फार जुनं, आईच्या दुधाबरोबर आलेलं काहीतरी होतं, ते म्हणत होतं की आज दुसऱ्याच्या दारावर थाप मारायची नसते.

हात खाली आला. ती परत गेली. वाटेत तिच्या जिवाला बरं वाटलं, हे तिनं पुढे कधी स्वतःला माफ केलं नाही.

संध्याकाळी शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, फुंकला गेला, तारे दिसले, मशिदीच्या अंगणात काळ्या मनुकांचं शरबत वाटलं गेलं. सगळे एकमेकांना भेटत होते, हसत होते. शिमशोन अंकल येऊन रिव्काला म्हणाले, "बघ, किती सुंदर पार पडलं." मिल्का ओर्नासाठी बाटलीत शरबत भरून लगबगीनं निघाली. पंधरा मिनिटांनी तिची शेजारीण धावत आली.

ओर्ना गेली होती. तिनं स्वतःच आपलं आयुष्य संपवलं होतं. डॉक्टर म्हणाले, दुपारी चारच्या आसपास.

दरफाळणीच्या दुसऱ्या दिवसाला शिळा सण म्हणतात. त्या दिवशी बंद दारं उघडतात, लोक एकमेकांच्या घरी जातात, भेटतात. यंदा सगळी वस्ती एकाच घरी गेली. दफनाच्या वेळी कुणीतरी कुजबुजलं की, असा मृत्यू असेल तर कबर कडेला हवी. शिमशोन अंकल त्याच्यावर गरजले, "पोर आजारी होती. आजारानं गेली. बापाशेजारीच जाईल." म्हातारा वाईट नव्हता. त्या दिवशी रिव्कानं त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

सुतक एरवी सात दिवसांचं. पण चार दिवसांवर सुक्कोत, मांडवाचा सण होता, आणि सण लागला की सुतक तिथंच संपतं. म्हणजे मिल्काला रडायला चारच दिवस मिळणार होते. ती जमिनीवर चटईवर बसून राहायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगायची: "मी तिची आई. एका घरात राहून मला कळलं नाही."

"कुणालाच कळलं नसतं," लोक म्हणायचे. पहिल्या दिवशी रिव्काही तेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मृण्मयीचा फोन आला. तिचा आवाज बसला होता. "मॅडम, नोंद आहे. सूट असतानाही मोजणं चालूच होतं. ती फक्त तुम्हालाच उघडता येते. सणापासून चौथ्या दिवशी आपोआप पुसली जाईल, मुलांच्या खासगीपणासाठी आपणच तो नियम केला होता. तुम्हाला बघायची नसेल तर... मी काही बोलणार नाही."

रिव्कानं कचेरीचं दार लावून नोंद उघडली. पहिला इशारा बारा वाजून वीस मिनिटांनी. मग पाऊण वाजता. मग दर थोड्या वेळानं, आधीपेक्षा वरच्या पातळीचा. एकूण नऊ. सहावा तीन वाजून चार मिनिटांनी होता. त्या वेळी रिव्का पायरीवर उभी होती. शेवटचा चारला पाच मिनिटं कमी असताना. म्हणजे थापेनंतरही पाऊण तास होता. न मारलेल्या थापेनंतर.

तिनं हे फक्त शिमशोन अंकलांना सांगितलं. ते बराच वेळ खोकत राहिले.

"पुसून जाऊ दे," ते शेवटी म्हणाले. "ऐक माझं. या आठवड्यात किती मुलांचे इशारे आहेत?"

"दोन. त्यातली एक नोरीत."

"हे बाहेर फुटलं की सगळे पट्टे परत येतील. कचेरी बंद पडेल. मग त्या दोघांकडे कोण बघणार? मेलेल्या पोरीसाठी जिवंत पोरांना उघड्यावर टाकू नकोस. यंत्राला कळलं नाही म्हणू. यंत्रच आहे, चुकतं."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. हाच तर ताप होता. रिव्का दोन दिवस ते म्हणणं मनाशी घोळवत राहिली आणि दोन दिवस मिल्काशेजारी बसून ते वाक्य ऐकत राहिली. मला कळलं नाही. मी तिची आई. दर वेळी मिल्का थोडी आणखी वाकलेली दिसायची. जो दोष तिचा नव्हता, तो ती स्वतःच्या अंगावर घेत होती, आणि ज्या बाईचा होता ती शेजारी बसून तिला चहा पाजत होती.

चौथ्या दिवशी दुपारी, नोंद पुसली जायला तास उरला असताना, रिव्कानं ती राखून ठेवली. मग वाक्रुळकरांच्या घरी गेली. संध्याकाळी सण लागणार म्हणून माणसं पांगली होती. मिल्का एकटीच चटईवर होती.

"मिल्काताई, मला काही सांगायचंय. ऐकून मला घराबाहेर काढलंत तरी चालेल."

मिल्कानं मान वर केली.

"तुम्हाला कळलं नाही, पण यंत्राला कळलं होतं. दुपारी बारा-वीसपासून. आम्ही त्याला गप्प बसवलं होतं म्हणून ते बोललं नाही."

"किती वेळा कळलं?"

"नऊ वेळा."

मिल्काचे ओठ हलले. ती मोजत होती की प्रार्थना करत होती, कळलं नाही. "आणि गप्प बसवायचं कुणी ठरवलं?"

"मी. सही माझी आहे. यंत्राची तज्ज्ञ मृण्मयी म्हणाली होती की, आधी इशारा आलेल्या नऊ मुलांजवळ त्या दिवशी माणूस बसवा. त्या नऊ जणांत ओर्ना होती. मी हसले. मी उद्या मशिदीत सगळ्यांसमोर हे सांगणार आहे. कचेरी बंद पडली तर पडू दे, सध्या इशारे आलेल्या दोन मुलांच्या घरी मी स्वतः जाऊन बसेन. पण आधी तुम्हाला..." ती चटईच्या कडेला टेकली. "अजून आहे ताई. तुम्ही सज्जात म्हणालात ना, ती घरी आहे, तेव्हापासून मला राहवत नव्हतं. मी आले होते. तीन वाजता. तुमच्या या पायरीवर उभी होते. थाप मारायला हात उचलला, आणि मारली नाही. दरफाळणी म्हणून. लोक काय म्हणतील म्हणून. परत गेले."

ती शिव्यांची वाट पाहत होती. शिव्या मिळाल्या असत्या तर तिला बरंच वाटलं असतं. मिल्कानं नजर दाराकडे वळवली.

"तिच्या हातात पट्टा होता," मिल्का हळूहळू म्हणाली. "डॉक्टरांनी काढून माझ्याकडे दिला. चार दिवस मी तोच विचार करतेय, आणि विचारणार कुणाला? त्या दिवशी तो कुणाला सांगणार नाही, हे तिला ठाऊक होतं ना?"

"होतं. तिनं मला विचारलं होतं."

"मग तिनं तो काढून का नाही ठेवला?"

रिव्काला उत्तर त्याच क्षणी कळलं, आणि आधी का सुचलं नाही म्हणून तिचं तोंड कडू झालं.

"आणि दार," मिल्का म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी किल्ली हातात धरूनच आले होते. लावावीच लागली नाही. कडी नव्हती घातलेली, कुलूप नव्हतं. भर दरफाळणीला दार नुसतं लोटलेलं होतं, रिव्का. तू थाप मारली असतीस ना, तर तेवढ्यानंच उघडलं असतं."